गांवची मंडळी आणि तिचे पुढारी

'मंडळी' हा शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों. लग्नाला मंडळी जमली, वारीला मंडळी निघाली, घरची मंडळी माहेरीं गेली, असें आपण सहज म्हणतों. मराठी ख्रिस्ती समाजानें हाच शब्द आपल्या धर्मसमुदायासाठीं घेतला, आणि ही निवड मोठी मार्मिक झाली असें मला वाटतें. मूळ ग्रीक भाषेंत जो 'एक्लेसिया' शब्द आहे, त्याचा अर्थ हांक देऊन एकत्र बोलावलेले लोक असा आहे. दगडाविटांची इमारत असा त्याचा अर्थ नाहीं. इमारत म्हणजे उपासनामंदिर. मंडळी म्हणजे माणसें. इमारत गवंडी बांधतो आणि ती एकदां बांधली म्हणजे पन्नास वर्षें उभी राहते. माणसांची मंडळी मात्र रोज बांधावी लागते, आणि ती बांधणारे हात गांवांतलेच असावे लागतात.

अशी मंडळी उभी कशी राहते, ती टिकते कशानें आणि विस्कटते कशानें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. विषय ख्रिस्ती समाजाचा असला तरी ज्यांनीं भजनी मंडळ, वाचनालय किंवा सहकारी सोसायटी चालविण्याची खटपट केली असेल, त्यांना यांतील पुष्कळसें आपल्या ओळखीचें वाटेल.

ख्रिस्ती मंडळीची रचना ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द आधीं सांगतों. उपासना चालविणारा, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, विवाह व अंत्यविधि करणारा जो दीक्षा घेतलेला मनुष्य, तो पाळक. आमच्या कोल्हापूर बाजूला प्रेसबिटेरियन परंपरा रुजली, आणि या परंपरेंत पाळक एकटा कारभार करीत नाहीं. मंडळीनें आपल्यांतूनच निवडलेले कांहीं 'वडील' त्याच्या बरोबर बसतात. हे वडील वयानें वडील असतीलच असें नाहीं. तें पदाचें नांव आहे. पाळकाची कांहीं वर्षांनीं बदली होते. वडील व सभासद गांवांतच राहतात. म्हणून मंडळीचें भवितव्य शेवटीं गांवकऱ्यांच्या हातीं असतें. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, ज्याच्या गैरहजेरींत मंडळीचें कांहींएक अडत नाहीं, तोच तिचा चांगला पुढारी होय. हें विधान उलटें वाटेल. पण इतिहास व अनुभव दोन्ही तेंच सांगतात.

प्रथम इतिहास पाहूं. मराठी मुलुखांत अमेरिकन मिशनचें काम १८१३ सालीं मुंबईंत सुरू झालें आणि १८३१ पासून अहमदनगर हें त्याचें मोठें केंद्र बनलें. १८४६ मध्यें रॉयल गूल्ड वाइल्डर नांवाचे एक तरुण मिशनरी नगरला येऊन दाखल झाले आणि १८५२ च्या अखेरीस ते कोल्हापुरास आले. वाइल्डरसाहेबांचा सारा भर शाळांवर होता. मुलाला वाचावयास शिकवा, त्याची बुद्धि जागी करा, म्हणजे पुढें तो आपला विचार आपण करील, असें त्यांचें मत होतें. पण थोड्याच दिवसांत त्यांचा आपल्याच वरिष्ठांशीं मतभेद झाला. बोस्टनच्या मिशन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्यें हिंदुस्थानांत पाहणीसाठीं आले. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, परदेशी मिशनरी हा मचाण आहे; घर उभें राहिलें कीं मचाण काढून घ्यावयाचें असतें. तेव्हां शाळांचा पसारा वाढवीत बसण्यापेक्षां गांवोगांवीं लहान मंडळ्या स्थापाव्या, त्यांना त्यांच्याच भाषेंत उपदेश करणारे देशी पाळक द्यावे, आणि कारभार, खर्च व प्रसार या तिन्ही बाबी त्यांच्यावर सोंपवाव्या. इंग्लंडांत हेन्री व्हेन हेहि याच सुमारास याच निर्णयास आले होते. स्वशासन, स्वावलंबन व स्वप्रसार हें त्रिसूत्र तेव्हांपासून जगभर प्रसिद्ध झालें. अहमदनगरला हरिपंत खिस्ते व रामकृष्णपंत मोडक या दोघां महाराष्ट्रीयांस पाळकपदाची दीक्षा मिळाली ती त्याच काळांत.

वाइल्डरसाहेबांना हें सर्व पटलें नाहीं. वाद विकोपास गेला आणि बोर्डाशीं त्यांचा संबंध तुटला. पण गृहस्थ जिद्दीचा. १८६१ मध्यें मित्रांनीं दिलेल्या मदतीवर विसंबून ते पुन्हां कोल्हापुरास आले, आणि नऊ वर्षें त्यांनीं तसेंच काम रेटलें. १८७० मध्यें प्रेसबिटेरियन बोर्डानें तें काम आपल्याकडे घेतलें. १८७५ मध्यें वाइल्डर स्वदेशीं परतले. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ सालीं कोल्हापुरांतच जन्मलेला. तो पुढें अमेरिकेंतील विद्यार्थी-स्वयंसेवक चळवळीचा एक आद्यप्रवर्तक झाला. कोल्हापुरांतील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांचें नांव आजहि सांगत आहे.

आतां या वादांत बरोबर कोण? मी जन्मभर खडू झिजविलेला मनुष्य. माझा कल वाइल्डरसाहेबांकडे असावा हें स्वाभाविक आहे. ज्या मंडळींत वाचणारीं माणसें नाहींत, तिचा कारभार तिच्या नांवानें दुसराच कोणी करतो. हिशेबाची वही वाचतां येत नसेल तर मतदानाचा हक्क हा केवळ हात वर करण्याचा हक्क उरतो. परंतु अँडरसनसाहेबांच्या म्हणण्यांतील मर्महि नाकारतां येत नाहीं. शाळेंतून हुशार झालेलीं मुलें नोकरीसाठीं शहरांत जातात, आणि गांवची मंडळी होती तेथेंच राहते. शाळेनें माणूस घडतो; पण घडलेल्या माणसाला जोंवर गांवांत एखादी जबाबदारी सोंपविली जात नाहीं, तोंवर मंडळी घडत नाहीं. दोघांचेंहि अर्धें अर्धें बरोबर होतें. शिक्षण आणि जबाबदारी हीं दोन चाकें आहेत. एकाच चाकावर गाडा चालत नाहीं.

प्रत्यक्षांत पुढें काय झालें? आमच्या भागांत मिशनचीं कामें वाढत गेलीं. कोल्हापुरांत शाळा होत्या, कोडोलीला दवाखाना होता, आणि कृष्णेपलीकडे मिरजेस डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ मध्यें रुग्णालय उघडलें, त्याची कीर्ति तर दूरवर पसरली. या कामांचे उपकार मोठे आहेत व ते विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्यांच्या सावलींत एक अडचणहि वाढली. रुग्णालयाचा प्रमुख तोच मिशनरी, शाळेचा व्यवस्थापक तोच, आणि मंडळीच्या बैठकींतहि शब्द त्याचाच. खालीं बसलेले पुष्कळ सभासद त्याच संस्थेचे पगारदार. अशा बैठकींत मोकळेपणानें 'नाहीं' म्हणणार कोण? पाळकाचा पगार मिशनकडून येई. त्यामुळें मंडळीला पाळक पोसावयाचा असतो ही गोष्टच पुष्कळांच्या मनांत उतरली नाहीं. वर्गणीला लोक 'मिशनचें काम' म्हणत. 'आपलें काम' म्हणत नसत.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू कमी होत गेले. १९२४ मध्यें अस्तित्वांत आलेली उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी व इतर पांच पंथ यांच्या एकीकरणानें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या मोठ्या संघाची स्थापना झाली. कागदोपत्रीं स्वराज्य आलें. परंतु स्वराज्य मिळणें निराळें आणि तें चालवितां येणें निराळें, हें आपण राज्यकारभारांत पाहिलें, तसेंच मंडळींतहि दिसून आलें. जागा, इमारती, संस्था यांच्या मालकीवरून ठिकठिकाणीं कोर्टकज्जे उभे राहिले. ज्यांनीं एकत्र बसून भाकर मोडावयाची, ते निरनिराळ्या वकिलांच्या बांकांवर बसूं लागले.

आमच्या शिरोळ तालुक्यांत ऊस हें मुख्य पीक. शेतकऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पहिल्या वर्षाची लागण जोमानें येते, कारण तिच्यासाठीं मशागत केलेली असते. दुसऱ्या वर्षीं त्याच बुडख्यांतून खोडवा फुटतो. आळशी शेतकरी म्हणतो, 'खोडवा काय, आपोआप येतो.' पण बुडखे छाटले नाहींत, खत दिलें नाहीं, रिकाम्या जागीं रोपें लावून नांग्या भरल्या नाहींत, तर खोडवा निम्म्यावर येतो आणि निडव्याला तर कांहींच उरत नाहीं. आमच्या मंडळ्यांची लागण मिशनऱ्यांनीं केली. आजची पिढी हा खोडवा आहे, निडवा आहे. तो आपोआप येईल या समजुतींतच घात आहे.

मग मशागत करावयाची ती कशी? पवित्र शास्त्रांतीलच दोन गोष्टी सांगतों. मोशे हा इस्राएल लोकांचा मोठा पुढारी. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून सगळ्यांचे तंटे तोडीत असे. त्याचा सासरा इथ्रो भेटीस आला आणि हें पाहून त्यानें जांवयाला परखडपणें बजावलें कीं, ही रीत बरी नव्हे. यानें तूंहि थकशील आणि लोकहि थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसें नेम. लहान कामें त्यांना करूं दे. लोक थकतील, हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. एकटा पुढारी सगळें करूं लागला म्हणजे तोच दमतो असें नाहीं; दाराशीं ताटकळत बसून लोकहि दमतात, आणि पुढें ते येईनातसे होतात.

दुसरी गोष्ट यरुशलेमांतल्या अगदीं पहिल्या मंडळीची. तेथें विधवांना रोज अन्न वांटलें जाई. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनीं तक्रार केली कीं, आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतें. प्रेषितांनीं तक्रार करणारांना गप्प बसविलें नाहीं. त्यांनीं मंडळीला सांगितलें, तुमच्यांतून सात जण निवडा. मंडळीनें जे सात निवडले, त्यांचीं नांवें पाहिलीं तर तीं सर्व ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हातीं पंक्तीची पळी दिली गेली. एवढें शहाणपण आपल्या किती संस्थांनीं दाखविलें आहे? तक्रार करणारा मनुष्य हा पुष्कळदां काम करूं शकणारा मनुष्य असतो. त्याला काम मिळालेलें नसतें, एवढेंच.

महाराष्ट्रांत या गोष्टीला आणखी एक धार आहे. आमच्या खेड्यांतील बहुतेक ख्रिस्ती घराणीं ज्यांना गांवानें वेशीबाहेर ठेवलें होतें त्या समाजांतून आलेलीं आहेत. थोडीं घराणीं वरिष्ठ मानलेल्या जातींतून आलीं. प्रभुभोजनाच्या मेजावर सगळे एक, हें तत्त्व. पण वडिलांची निवड आली, सोयरिकीची गोष्ट निघाली, कीं जुन्या वेशी पुन्हां दिसूं लागतात. आडनांवावरून मतें मोजलीं जातात. हा रोग झांकून ठेवून बरा होत नाहीं. ज्या मंडळींत शिक्षण, घराणें किंवा पैसा यांच्या जोरावर वर्षानुवर्षें दोन-तीन घरांतच वडीलकी फिरत राहते, ती मंडळी तोंडानें कांहींहि म्हणो, तिनें आपल्या दारांत एक अदृश्य वेस घातलेली आहे.

पुढारीपण दुसऱ्याच्या हातीं कसें द्यावें याचा एक थोर दाखला आमच्या शेजारींच घडलेला आहे, आणि तो ख्रिस्ती इतिहासांतला नाहीं. २१ व २२ मार्च १९२० रोजीं कागल जहागिरींतील माणगांव येथें बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. हें माणगांव आमच्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यांत आहे. अध्यक्षस्थानीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर होते. तेव्हां ते तिशीच्या आंतले तरुण होते. छत्रपति शाहू महाराज स्वतः तेथें गेले आणि जमलेल्या लोकांना त्यांनीं सांगितलें कीं, तुम्हांला तुमचा पुढारी तुमच्यांतूनच मिळाला आहे. राजानें आपल्या उपकारांची यादी वाचली नाहीं. लोकांचा पुढारी त्यांच्या पुढें उभा करून आपण बाजूस उभा राहिला. गांवच्या मंडळींतील ज्या वडिलांना आपल्यानंतर कोण, हा प्रश्न अप्रिय वाटतो, त्यांनीं या प्रसंगाचें मनन करावें.

कारण हा प्रश्न केव्हां ना केव्हां येतोच. माझ्या माहितींतील एका लहान मंडळींत, नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, एक वडील होते. मनुष्य सज्जन, निर्व्यसनी, मंडळीसाठीं पदरमोड करणारे. उपासनामंदिराची किल्ली त्यांच्याकडे, जमाखर्च त्यांच्याकडे, बाप्तिस्म्याची नोंदवही त्यांच्याकडे, गायनांत सूर धरणारेहि तेच. तीस वर्षें कोणालाहि कांहीं करावें लागलें नाहीं. ते वारले त्या आठवड्यांत लोकांना कळलें कीं, बँकेंत खातें कोणत्या नांवावर आहे हेंहि कोणास ठाऊक नाहीं. पुढील कित्येक रविवार दार बंद राहिलें. शेवटीं चार बायकांनीं एकीच्या घरीं ओसरीवर बसून प्रार्थना सुरू केली, आणि त्या ओसरीवरून मंडळी पुन्हां उठली. त्या वडिलांच्या हेतूबद्दल मला शंका नाहीं. परंतु त्यांच्या सद्गुणांनींच मंडळी पांगळी झाली, हें मान्य केलें पाहिजे.

त्या चार बायकांवरून आठवलें म्हणून सांगतों. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास हा निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या कामाचा इतिहास आहे. घरोघर जाऊन वाचून दाखविणाऱ्या 'बायबल बाया' पगारानें सर्वांत खालीं होत्या. परंतु घराच्या माजघरापर्यंत पोंचल्या त्याच. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें दुष्काळांतून आलेल्या शेंकडों मुलींना नुसतें अन्न दिलें नाहीं. विणकाम, शेती, छपाई अशीं कामें त्यांच्या हातीं दिलीं, आणि रमाबाईंनीं भाषांतर केलेलें बायबल त्या मुलींनींच जुळारी होऊन छापलें. लक्ष्मीबाई टिळक लग्न झाल्यावर, पुष्कळ उशिरां, घरींच अक्षरें शिकल्या. आणि नारायण वामन टिळकांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात् पुढें नेलें तें याच बाईंनीं. असें असतां आजहि कित्येक गांवीं स्त्रियांना फुलें लावणें आणि चहा करणें एवढींच कामें देऊन वडिलांच्या बैठकीचें दार लोटून घेतात. मंडळीची निम्मी शक्ति अशा रीतीनें ओसरीवर बसून राहते.

टिळकांचें नांव निघालें तेव्हां उपासनेच्या भाषेविषयीं बोललें पाहिजे. १८९५ मध्यें त्यांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला तेव्हां ख्रिस्ती उपासनेवर परदेशी सुरांची छाया होती. टिळकांनीं अभंग, ओवी, पदें रचलीं. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें. त्यामुळें झालें काय, कीं ज्या आजीला वाचतां येत नव्हतें तिलाहि उपासनेंत आवाज मिळाला. टाळ कोणालाहि वाजवितां येतो. जें सर्वांना गातां येतें तें सर्वांचें होतें. जें एकालाच गातां येतें तें ऐकून लोक घरीं जातात. १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ मध्यें ते वारले, दरबार फार काळ चालला नाहीं. परंतु पगारावर न चालणारी आणि देशी मातींत रुजलेली मंडळी त्यांच्या डोळ्यांपुढें होती, आणि तें चित्र अद्यापि आमचें पुरतें साधलेलें नाहीं.

आतां पैशाविषयीं. गरीब मंडळी स्वावलंबी कशी होणार, असें विचारतात. मिझोराममध्यें ख्रिस्ती स्त्रियांनीं १९१० सालीं एक साधी रीत सुरू केली. स्वयंपाकाला तांदूळ घेतांना प्रत्येक वेळीं एक मूठ बाजूस काढावयाची आणि ती साठवून मंडळीला द्यावयाची. ती रीत आजहि चालू आहे आणि तेथील मंडळीच्या उत्पन्नाचा तो एक मोठा झरा आहे. महाराष्ट्राला मुष्टिफंड नवा नाहीं. अनेक शाळा व वसतिगृहें आपण मुठीमुठीनेंच चालविलीं. मुठीचा मोठा गुण असा कीं, ती सर्वांत गरीब घरालाहि देतां येते, आणि जो देतो तो विचारतो. 'माझ्या मुठीचें काय झालें?' हा प्रश्न मंडळीला जागें ठेवतो. म्हणून जमाखर्च दरमहा उपासनेनंतर उभें राहून वाचला जावा, आणि कागद दारावर लावला जावा. पैशाची अफरातफर क्वचित् होते. पैशाविषयींचा संशय मात्र सर्वत्र होतो, आणि मंडळ्या मोडतात त्या बहुधा संशयानें.

भांडणें होणारच. जेथें माणसें आहेत तेथें भांडणें आहेत. ख्रिस्तानें त्यासाठीं एक पायरी-पायरीची रीत घालून दिली आहे. ज्यानें अपराध केला त्याच्याकडे प्रथम एकट्यानें जा. ऐकलें नाहीं तर एक-दोघांस बरोबर ने. तरीहि नाहीं तर मंडळीपुढें मांड. आमच्याकडे ही शिडी उलटी लावलेली असते. प्रथम सगळ्या गांवाला सांगावयाचें, मग एक-दोघांना, आणि ज्याच्याशीं भांडण त्याच्याशीं कधींच नाहीं. चांगल्या पुढाऱ्याची परीक्षा येथें होते. कोणी कागाळी घेऊन आला तर तो पहिला प्रश्न विचारील: 'तुम्ही त्यांच्याशीं बोललांत का?' निम्म्या कागाळ्या या एका प्रश्नाशींच थबकतात.

मंडळी आणि गांव यांच्या संबंधाविषयींहि दोन शब्द बोलणें अवश्य आहे. कृष्णा-पंचगंगेच्या पुरानें आमचा तालुका वारंवार बुडतो. २००५, २०१९, २०२१ हीं वर्षें आमच्या स्मरणांतून जाणार नाहींत. पाणी घरांत शिरतें तेव्हां तें कोणाचा धर्म विचारीत नाहीं. अशा वेळीं ख्रिस्ती मंडळीनें भाकरी द्यावी ती भाकरी म्हणून द्यावी. तिच्या पोटांत दुसरा कोणताहि हेतु गुंडाळून देऊं नये. श्रद्धा ही मनुष्यानें मोकळ्या मनानें स्वीकारावयाची वस्तु आहे, तिचा सौदा झाला कीं ती श्रद्धा राहत नाहीं. आणि शेजाऱ्यानें दिलेली भाकरीहि तितक्याच मोकळेपणानें घ्यावी. जी मंडळी फक्त देणारी असते आणि कधींच घेणारी नसते, तिच्यांत सूक्ष्म अहंकार शिरतो, आणि गांवाशीं तिचें नातें दात्याचें राहतें, शेजाऱ्याचें होत नाहीं.

तरुणांचा प्रश्न सर्वांत कठीण. शिकलेलीं मुलें पुण्यामुंबईस जातात, तेथील मोठ्या उपासनांना बसतात, सुटींत गांवीं आलीं कीं गांवची लहान उपासना त्यांना नीरस वाटते. त्यांना दोष देऊन उपयोग नाहीं. मी वर्गांत एक गोष्ट पाहत आलों. मागच्या बांकावर बसून खोड्या काढणाऱ्या मुलाला फळा पुसण्याचें काम दिलें कीं तो दुसऱ्या दिवशीं दहा मिनिटें लवकर येत असे. तरुणांना आपण उपदेश पुष्कळ देतों, काम देत नाहीं. जमाखर्च त्यांना लिहूं द्या. शास्त्रपाठ वाचूं द्या, चुकलें तर चुकूं द्या. रविवारच्या शाळेंतील पांच मुलें एका तरुण मुलीच्या हवालीं करा. बाहेरगांवीं असलेल्यांना वर्षांतून एका सणाची, कापणीच्या सणाची म्हणा, संपूर्ण जबाबदारी द्या. ज्या घराची एक भिंत आपण सारवली आहे, त्या घराकडे पाय आपोआप वळतो.

मार्च २०२० मध्यें कोविडची साथ आली आणि उपासनामंदिरांचीं दारें बंद झालीं. त्या दिवसांत सर्व मंडळ्यांची एकदमच परीक्षा झाली. जेथें सारें कांहीं पाळकाच्या व्यासपीठावर अवलंबून होतें, तेथें लोक एकेकटे पडले. जेथें दहा-दहा घरांची कोणी ना कोणी विचारपूस करीत असे, घराघरांत मोठ्यानें वाचन व गायन होत असे, तेथें कोणाला औषध हवें, कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं, हें दुसऱ्या दिवशीं कळत होतें. इथ्रोनें मोशेला दिलेला सल्ला किती व्यवहारी होता हें तेव्हां पुन्हां प्रत्ययास आलें.

श्रोतेहो, माझें बोलणें आतां आटोपतें घेतों. गांवची मंडळी उभारूं पाहणाऱ्याला मी चार प्रश्न सुचवितों. हे प्रश्न त्यानें वर्षांतून एकदां स्वतःस विचारावे. गेल्या वर्षीं माझ्या हातांतलें कोणतें काम मीं दुसऱ्याच्या हातीं दिलें? मंडळीचा हिशेब माझ्याशिवाय आणखी कितीजणांना सांगतां येईल? ज्याची माझ्याविषयीं तक्रार आहे त्याला मीं कांहीं काम दिलें का? आणि येत्या रविवारीं मी आजारी पडलों तर घंटा वाजेल का, शास्त्र वाचलें जाईल का, एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या दारावर कोणी थाप मारील का?

या चारांपैकीं शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ज्याला निःशंकपणें 'होय' असें देतां येईल, त्यानें स्वस्थ चित्तानें अंथरुणावर पडून राहावें. त्याची मंडळी उभी राहिली आहे.